अण्णांची रेल्वे, आईचं विमान

गुवाहाटी
दि. १ डिसेंबर २०२५

ती. अण्णांच्या पायी,
सुग्रीवचा सा. न. वि. वि.

म्हणजे मी दिखावा करतो, हे तुमी परत बोललात. दिवाळीत फोनवर बोललात ते बोललात, आता संस्कृतीजवळ पण बोललात, आन तिनं लगेच भावाला कळवलं. विमानात बसला की माणूस दिखावेखोर आन रेल्वेत बसला की सज्जन, हे कुणी ठरवलं? शीतगृहाचं मशीन बंद पडलं की ठेकेदार माझ्या हातात विमानाचं तिकीट ठेवतो. आतले बटाटे काही माझी रेल्वे पोचायची वाट बघत न्हाईत.

तुमी फोनवर माझ्याशी बोलत न्हाईत म्हणून कागद घेतला. सातवीनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहितोय, तवा चुका सोडून द्या. फोटो काढून संस्कृतीच्या मोबाईलवर टाकतो, तिच्याकडून वाचून घ्या. तुमी पण तसंच लिहा. कागदावर मधीच बोलणं तोडता येत न्हाई, हा एक फायदा हाय.

आधी हे ऐका, की मी रेल्वेला कधीच नावं ठेवली न्हाईत. मागच्या उन्हाळ्यात कल्याणहून इकडं आलो ते रेल्वेनंच आलतो. वाटेत कुणाच्या तरी लेकरानं डब्यात डाळीचं पातेलं उलटं केलं. समोरच्या पोरानं मोबाईलवर तक्रार टाकली, मी त्याला हसलो. म्हणलं, तुझी डाळ दिल्लीत कोण वाचतंय? तर पुढच्या मोठ्या स्टेशनात दोन माणसं पोछा घेऊन हजर. फरशी धुतली, वास जायचं औषध टाकलं, आन जाताना आमालाच विचारलं की अजून काही हाय का. मला तर उठून त्यांचे हात धरावे वाटले. बिहारची एक बाई दोन दिवस मला सत्तू खाऊ घालत होती. उतरताना तिनं माझी पिशवी खाली दिली आन नीट जा म्हणली, भाषा समजत न्हवती तरी समजलं. असलं विमानात मिळत न्हाई, हे मी कबूल करतो.

पण विमानाचं पण ऐका. मी पहिल्यांदा बसलतो तवा मला पट्टा लावता येईना. आजूबाजूचे सगळे शिकलेले, विचारायची लाज वाटली. ती हवाई पोरगी आली, माझ्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं, आन माझ्यासमोर उभी राहून हातातला पट्टा असा सावकाश लावून दाखवायला लागली जशी काय सगळ्या विमानाला दाखवतीय. मी बघून लावला. कुणालाच कळलं न्हाई. अण्णा, आपल्याकडं एखाद्याला काही येत न्हाई असं दिसलं तर पैले चार जण हसत्यात, मग शिकवत्यात. त्या पोरीचं मला लई कौतुक वाटलं. बाकी हे स्वस्तातलं विमान हाय, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, चहा मागितला तर आपल्या गावात आठवडाभर चहा होईल एवढे पैसे घेतात. पाणी मात्र फुकट, आन कितीदा पण मागा, तोंड वाकडं करत न्हाईत.

हे सगळं काहून लिहितोय ते आता सांगतो. वनमालाला आठवा सरलाय. डॉक्टरीण म्हणली की प्रवास बंद, रेल्वे न्हाई आन विमान पण न्हाई. म्हंजी पहिलं बाळंतपण वडवणीला माहेरी व्हायचं ते आता होत न्हाई. माहेरी तरी कोण हाय, तिची आई गेल्याला वर्ष झालं. इथली भाषा तिला कळत न्हाई. ती दिवसा हसते आन रात्री मला विचारते की दवाखान्यात माझ्याजवळ कोण राहणार. म्हणून मी आईचं तिकीट काढलंय. वीस तारीख, शनिवार, पुण्याहून विमान, कलकत्त्यात बदलायचं आन मग गुवाहाटी. सगळी सोय केलीय. तुमी फक्त हो म्हणा.

तुमचा राग पण मला मायेइतकाच चालतो, तवा जे असंल ते पाठवा.
आपला,
सुग्रीव

---

उमापूर
दि. ५ डिसेंबर २०२५

चि. सुग्रीव यास,
अर्जुनरावाचे अ. उ. आ. आणि चि. सौ. वनमालास पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र संस्कृतीने वाचून दाखवले. मला वाचता येते हे ती विसरते. सातवी नापास माणसाने इतके लिहिले याचे तुझ्या आईला कौतुक वाटले. मला वाटले की शाळेत एवढे लिहिले असते तर मास्तरांनी पुढे ढकलला असता.

तू लिहितोस, तुम्ही फक्त हो म्हणा. तिकीट काढून झाल्यावर हो म्हणायला उरते काय? पाच वर्षांत पाच गावे आणि पाच मालक बदललेस, एकदाही विचारले नाहीस. ते तुझे पाय, तू बघ. पण हिचे पाय माझ्या घरातून निघणार आहेत. निदान विचारायचे तरी.

आता दिखाव्याचे. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून बीडला रेल्वे यावी म्हणून मोर्चात चाललो. घरची भाकरी बांधून जायचो, घसा बसवून यायचो. लोक हसायचे की अर्जुनरावांची रेल्वे आली का हो. यंदा सप्टेंबरात ती आली. मी गर्दीत उभा होतो. गाडी फुलांनी झाकली होती, रंगसुद्धा दिसत नव्हता, आणि माझ्या शेजारचा म्हातारा डब्याला हात लावून तो हात कपाळाला लावत होता. माझी इच्छा अशी, की आपल्या घरातले माणूस लांबच्या गावी निघेल तर बीडच्या स्टेशनातून निघेल. एवढ्याशा गोष्टीला तू फोनवर म्हणालास की अण्णा, तुमच्या रेल्वेपेक्षा सायकल बरी. ते मी विसरलेलो नाही.

शिवाय तिकीट शनिवारचे म्हणजे घर शुक्रवारी सोडावे लागते, आणि शुक्रवारी अमावस्या आहे. बाळंतिणीकडे जाणारी बाई अमावस्येला उंबरा ओलांडणार नाही. हिने आजवर बीडच्या पलीकडे तुळजापूर पाहिले. हिंदी येत नाही. कलकत्त्यात विमान बदलायचे म्हणतोस, ती काय वडवणीच्या बाजारात गाडी बदलते आहे? मी असे ठरवतो की अमावस्या टळू दे, सोमवारी मी स्वतः तिला रेल्वेने घेऊन येतो. सव्वीसपर्यंत पोहोचू. चार-सहा दिवसांनी काय बिघडते?

 तुझी आई कालपासून डिंक तळते आहे, त्यावरून काय ते समज.

तब्येतीस जपा, आणि आम्हांला परके करू नका.
तुझा,
अण्णा

---

गुवाहाटी
दि. ८ डिसेंबर २०२५

ती. अण्णांस,
सुग्रीवचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

विचारलं न्हाई हे खरं. भाव रोज वाढत होता, दुपारी स्वस्त दिसला आन मी बोट दाबलं. हे स्वस्तातलं तिकीट असं हाय की तारीख बदलायची म्हणलं तर नवं तिकीट येईल एवढे पैसे मागत्यात. संस्कृतीनं विचारलं की अमावस्या म्हणून स्वस्त मिळालं का. तिला सांगा, विमानवाल्यांच्या कॅलेंडरात अमावस्याच न्हाई.

चार-सहा दिवसांनी काय बिघडतं म्हणता. अण्णा, काल परत दवाखान्यात नेलतं. वनमालाचं बीपी वर गेलंय, पाय सुजलेत. डॉक्टरीण म्हणली की जानेवारीची तारीख धरू नका, लेकरू कवा पण येईल. वनमाला ऐकत होती. घरी आल्यावर तिनं पिशवी भरून दाराजवळ ठेवली आन मला म्हणली की आत्याबाई येईपर्यंत मी दम धरते. म्हंजी ती दम धरून बसलीय, कळलं का? आन मी इथं बर्फाच्या मशीनचे पाने घेऊन फिरतोय. मी शिव्या खाईन, मार खाईन, पण आई वीस तारखेला इथं पाहिजे.

अमावस्येचा इलाज आईनंच काढलाय, काल संस्कृतीच्या फोनवर हळूच सांगितला. परस्थान ठेवायचं. गुरुवारी चांगली वेळ बघून तिची पिशवी पुढच्या रस्त्याच्या रहेमतबी चाचीच्या घरी नेऊन ठेवायची, तांदूळ-सुपारीसकट. म्हंजी आई गुरुवारीच निघाली. शुक्रवारी नुसती ती तिच्या पिशवीमागं जाणार. तुमची आई असंच करायची म्हणं. चाची पण खुश हाय, म्हणली की माझ्या घरातून निघालेलं माणूस वाईट कसं जाईल.

आन तुमच्या रेल्वेचं. उमापूरहून नगर शेवगाववरून सरळ हाय, शेंबडं पोर पण सांगंल. तरी तुमाला उलटं बीडला जाऊन, तिथून दुपारभर डुलत डुलत नगरला यायचंय ना? या. आईला तुमच्या रेल्वेत बसवा, खिडकीजवळ बसवा. नगरहून पुण्याला बस, तिथं माझ्या दोस्ताकडं, पंडितकडं मुक्काम, सकाळी विमानतळ. सायकलचं बोललो ते मी कागदावर परत घेतो. कागद संस्कृतीला जपून ठेवायला सांगा.

सामानाचं नीट ऐका. हातातल्या पिशवीत विळी न्हाई, काडेपेटी न्हाई, लोणच्याची बरणी न्हाई. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठंच न्हाई, त्याला तेल असतं म्हणून ते घेत न्हाईत. लाडवात किसलेलं चालतं. आन आधार कार्ड, ते आईच्या हातात पाहिजे. त्याच्याशिवाय दारातूनच माघारी पाठवत्यात. मी तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितलीय, फुकट असती. खुर्ची ढकलणारं माणूस तिला कलकत्त्यात एका विमानातून दुसऱ्या विमानात नेऊन सोडतंय. तिला भाषा यायची गरजच न्हाई.

हो म्हणा अण्णा. ह्या खेपेला विचारतोय.
तुमच्या होकारावर जीव टांगलेला,
सुग्रीव

---

उमापूर
दि. २१ डिसेंबर २०२५

चि. सुग्रीव यास अण्णाचे अ. उ. आ.

ती पोहोचल्याचा तुझा फोन संस्कृतीला आला. तिने मला दिला नाही, आधी स्वतः रडून घेतले. आता इकडे काय झाले ते तुला कळले पाहिजे, कारण तुझी आई ते आपल्या सोयीने सांगेल.

परस्थान गुरुवारी व्यवस्थित ठेवले. मीच पिशवी खांद्यावर घेऊन रहेमतबीकडे गेलो. तिने ती कपाटावर ठेवली आणि वरून धुतलेली चादर टाकली. शुक्रवारी सकाळी जीप आली. गल्लीत कापसाची ट्रॉली आडवी उभी, म्हणून जीप मागच्या रस्त्याने काढली. रहेमतबीचे घर पुढच्या रस्त्याला. मोठी बॅग घेतली, लाडूचा डबा घेतला, हिच्या हातावर दही घातले. बीडला आलो, तिकिटे काढली, गाडीत बसलो, गाडी सुटली. तेव्हा तुझ्या आईने चष्मा शोधला. चष्मा पिशवीत. आधार कार्ड पिशवीत. पिशवी रहेमतबीच्या कपाटावर, चादरीखाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की ही गाडी थांबावी. तुझी आई म्हणाली की मी गुरुवारीच निघाले आणि तुम्ही मला तिथेच ठेवून आलात. मी रहेमतबीच्या अशफाकला फोन लावला. तो गॅरेजात इंजिन उघडून बसला होता. म्हणाला की अण्णा, घाबरू नका, मी मोटारसायकल काढतो, कोणत्या स्टेशनात देऊ ते सांगा. मी रायमोहा सांगितले, मग आष्टी सांगितले. तो हसायलाच लागला. म्हणाला की तुमच्यामागे बीडला कशाला येऊ, शेवगाववरून सरळ नगरला जातो, तुमची गाडी यायच्या आत चहा पिऊन होतो.

आणि तसेच झाले. आम्ही नगरच्या फलाटावर उतरलो तर तो बाकावर बसलेला, मांडीवर पिशवी, चादरीसकट. हातसुद्धा ऑइलचे तसेच. मी पैसे देऊ लागलो तर म्हणाला की पेट्रोलचं सुग्रीवकडून घेईन, त्याला सांगा की बे, तुझ्या बापाची रेल्वे मी मोटारसायकलनं हरवली. हे तू सगळीकडे सांगत सुटशील म्हणून मीच लिहितो.

पण सुग्रीव, गाडी चांगली आहे. नवी, स्वच्छ, तिकीट एवढे स्वस्त की मी खिडकीवरच्या माणसाला पुन्हा विचारले. तो न वैतागता हो म्हणाला, आणि हिला पाहून म्हणाला की मावशी, उजव्या अंगाला बसा, ऊन लागणार नाही. पिशवीच्या काळजीत होतो तरी रायमोह्यानंतर डोंगर आले तेव्हा तुझ्या आईने माझा हात धरून बाहेर दाखवले. म्हणाली की ह्याच्यासाठी तुम्ही भाकरी बांधून जायचात ते बरोबर होतं. तीस वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटले.

पुण्याच्या विमानतळावर मला आत सोडले नाही. दारावरच्या जवानाने हिचे कार्ड पाहिले, तिकीट पाहिले, हिला नमस्कार केला आणि मला अदबीने थांबवले. खुर्ची घेऊन एक मुलगी आली. तुझी आई बसेना. मी काय पांगळी आहे का, असे तिने सगळ्यांदेखत विचारले. ती मुलगी रागावली नाही. तिने खुर्चीवर पिशवी आणि लाडूचा डबा ठेवला, एका हाताने खुर्ची ढकलली आणि दुसरा हात तुझ्या आईच्या हातात दिला. दोघी चालत गेल्या. मी काचेतून पाहत होतो. हिने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही, त्या मुलीशी काहीतरी बोलत होती. तेव्हा मला समजले की आपण उगाच भ्यालो.

घर रिकामे आहे. संस्कृती चहात साखर विसरते. वनमालाला कसे आहे ते लगेच कळव, फोनवर कळवलेस तरी मी घेईन.

दोघींना सांभाळ आणि अधूनमधून आमची आठवण काढ.
तुझा,
अण्णा

---

गुवाहाटी
दि. २७ डिसेंबर २०२५

ती. अण्णांच्या पायी डोकं ठेवून,
सुग्रीवचा सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगून झालंय, पण तुमी मधीच फोन संस्कृतीच्या हातात दिलात, म्हणून परत कागद.

आई त्या दिवशी कशी आली ते तिनंच मला टप्प्याटप्प्यानं सांगितलं. विमानात तिला खिडकी मिळाली. वर उडताना तिनं शेजारच्या साहेबाचा हात गच्च धरला. त्या साहेबानं उलट दुसरा हात पण दिला म्हणं. कलकत्त्यात धुकं होतं, पुढचं विमान उशिरा. मी इथं विमानतळाच्या दारात वाऱ्यागत फिरत होतो. तर अनोळखी नंबरवरून फोन आला. तिथली खुर्चीवाली बाई बोलली, हिंदीतून, की तुमची आई माझ्याजवळ बसलीय, काळजी करू नका, तिनं तुमचा नंबर पदराच्या गाठीतून काढून दिला. स्वतःच्या मोबाईलवरून, अण्णा. तिला कुणी सांगितलं न्हवतं. उशीर झाला म्हणून सगळ्याला फुकट उपमा दिला, तर आईनं त्या बाईला डिंकाचा लाडू दिला. बाई ड्युटीवर खात न्हाई म्हणली. आई म्हणली, माझी सून बाळंत होणार हाय, न्हाई म्हणू नको. मग दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. कोण कुठल्या भाषेत बोललं ते दोघींनाच ठाऊक.

इथं बाहेर आली ती खुर्ची रिकामी ढकलत, स्वतःच! ढकलणारा पोरगा मागं मागं हसत येतोय. मी पाया पडलो तर पैलं वाक्य हे, की तू वाळलास. दुसरं, की विमानात लई माणुसकी हाय, पण चहा लुटारू हाय.

वनमालानं तिला बघितलं आन दारातच बसून रडली. चार दिवस आईनं तिचे पाय शेकले, केस विंचरले, वडवणीच्या सगळ्या बायकांची नावं घेऊन गप्पा मारल्या. बीपी खाली आलं. मंगळवारी रात्री कळा सुरू झाल्या. दवाखान्यात एकाच बाईला आत सोडतात. मी दाराबाहेर जिना चढत-उतरत होतो, एका जागी थांबायचं मला जमतच न्हाई. आत नर्स आसामीत सांगायची आन आई मराठीत सांगायची, वनमाला दोघींचं ऐकायची. मधी एकदा बीपी लई चढलं. डॉक्टरीण पळत आली. वनमाला नंतर मला म्हणली की तवा मला काहीच कळत न्हवतं, फक्त आत्याबाईंचा हात कळत होता, तो सुटला असता तर मी पण सुटले असते. बुधवारी उजाडताना पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. नाक तुमचं हाय, राग आला की नाकपुडी फुलवते.

तुमच्या बेतानं आई सव्वीसला आली असती. हे मी फक्त लिहून सोडतो, त्याच्यावरून भांडायचं न्हाई. माझ्या बेतानं पण ती पुण्याच्या दारातूनच माघारी गेली असती, अशफाक नसता तर. त्याला पेट्रोलचे पैसे टाकले तर त्यानं परत पाठवले, वर लिहिलं की पोरीच्या नावानं मिठाई वाट बे. रहेमतबी चाची म्हणती की लेकरू माझ्या घरातून निघालेल्या बाईच्या हातात आलं, तवा मी पण आजी. तसं मी वनमालाला सांगितलं.

आता बारसं. चार जानेवारीला, रविवारी. आई म्हणती की नाव आजोबांनी कानात सांगायचं. वनमाला म्हणती की तोवर पोरीला कुणी नावानं हाक मारायची न्हाई. म्हंजी सध्या घरात तिला सगळे नुसतं ए म्हणतात, आन ती लई चिडते.

तुमी या. संस्कृतीला रहेमतबी चाचीकडं झोपायला पाठवा. बीडहून निघा, नगरहून निघा, कल्याणवरून रेल्वेनं या, पुण्यावरून विमानानं या. रेल्वेनं आलात तर मी फलाटावर उभा असंन, विमानानं आलात तर दारात. दोन्हीकडची माणसं तुमाला नीट आणतील, ह्याची मला आता खात्री हाय. तिकीट मी काढलेलं न्हाई, मोबाईल खिशात ठेवलाय. ते तुमी काढायचं, तुमच्या मर्जीच्या गाडीचं, तुमच्या मर्जीच्या तारखेचं, पंचांग बघून. दोन्हीतलं जे महाग ते धरलंय, वाटखर्च वेगळा धरलाय, आन विमानातला एक चहा पण धरलाय. तुमच्या खात्यावर आजच टाकतोय, नऊ हजार चारशे रुपये.